नवाब की चंपा

नवाब जीपमधून उतरला तेव्हा आधी त्याचे पुढचे पाय जमिनीला लागले आणि मागचे बराच वेळ जीपमध्येच राहिले. एवढा लांबलचक कुत्रा मी तोवर पाहिला नव्हता. मगदूमांनी साखळी सोडली. नवाब अंगणात आला, तुळशीला वळसा घालून ओसरीवर चढला, बाकावर बसलेल्या माणसांना त्याने एकेक करून हुंगलं आणि शेवटी समोरच्या घरातल्या हौसाक्काच्या खांद्यावर मान टाकून उभा राहिला. हौसाक्काच्या दंडाला आईने ब्लडप्रेशरचा पट्टा बांधलेला होता, त्यामुळे तिला पळता येईना.

"हे चावतंय काय ओ?" जराही न हलता तिने विचारलं.

"चावायला त्याला येळ कुठाय," मगदूम म्हणाले. "दिवसभर माणसं बघण्यातच जातोय त्याचा."

आईने पट्ट्यातली हवा सोडली, हौसाक्काला आकडा सांगितला आणि मगदूमांसाठी चहा टाकायला आत गेली. बाकावरची माणसं चहासाठी थांबलीच.

अप्पासाहेब मगदूम निपाणीचे. घरचा तंबाखूचा व्यापार, पण तो भावांवर सोडून यांनी मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा नाद धरला होता. कुणी बंगला विकून फ्लॅटमध्ये गेलं, कुणी परदेशी गेलं, की त्यांची वाढलेली कुत्री मगदूमांकडे यायची आणि मगदूम त्यांना दुसरं घर बघून द्यायचे. बोलायला हौशी माणूस. स्थळ जुळवणाऱ्यासारखे ते कुत्र्यांची घराणी आणि स्वभाव सांगत. त्या वेळी त्यांच्याकडे राखणीच्या लायकीची दोन कुत्री होती. एक हा ग्रेट डेन, नवाब. दुसरी रॉटवायलर, चंपा. दोन्ही एकेक आठवडा ठेवून बघा, घरच सांगेल कुठलं ठेवायचं ते, असा त्यांचा सल्ला होता. दादाला तो पटला होता. दादाला पुण्यात बसून पटला होता, कारण आठवडे मोजायला मी होते.

आमचं घर आजऱ्याच्या बाहेर, आंबोलीच्या रस्त्याला. पुढच्या खोलीत बाबांचा दवाखाना. बाबा आदल्या वर्षी गेले आणि तेव्हापासून आई एकटी राहत होती. त्या मार्चमध्ये जवळच्याच एका गावात निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बायकोला घरात बांधून घालून चोरी झाली. मास्तरांचा हात मोडला. दादाने पुण्यात पेपरमध्ये ते वाचलं आणि चहा अर्धा टाकून गाडी काढली. आईने पुण्याला यायचं, असं त्याचं म्हणणं. आईचं म्हणणं, नाही यायचं. दुसऱ्या दिवशी दिवसभर दोघांचं चाललं होतं. संध्याकाळी तह झाला तो असा, की घरात राखणीचा कुत्रा आणायचा, खराखुरा, आणि दादाला आणि मला दोघांनाही पटेल असा. तसा नाही मिळाला तर जूनमध्ये आईने पुण्याला जायचं. दादाने खोली आधीच रंगवून ठेवली होती.

आईने कुत्र्याला लगेच होकार दिला, याचं आम्हाला नवल वाटलं. आईने जन्मात कधी कुत्रं पाळलं नव्हतं, मांजरालासुद्धा ती ओसरीच्या वर येऊ देत नसे. पण घर सुटू नये म्हणून ती हेही करायला तयार आहे, असा आम्ही अर्थ लावला. माझ्या कॉलेजच्या लायब्ररीला मे महिन्यात काम कमी असतं, म्हणून आजऱ्याला राहून बघण्याचं काम माझ्याकडे आलं. दादा निर्णय घेतो आणि मी रजा घेते, अशी आमच्याकडे जुनी वाटणी आहे.

घर सुटू नये असं आईला का वाटतं, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. ते माणसांसाठी. बाबांच्या दवाखान्याला वेळ नव्हती आणि फाटकाला कडी नव्हती. डॉक्टरच्या दाराला कडी कशाला, असं ते म्हणत. बाबा गेले, दवाखाना बंद झाला, पण राबता तसाच राहिला. कुणी ब्लडप्रेशर मोजायला यायचं, कुणी गडहिंग्लजच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते विचारायला. एसटीने कोल्हापूरला जाणारे आपल्या मोटारसायकली आमच्या आवारात लावून जायचे. बाजाराला आलेल्या बायका बाकावर टेकायच्या, पाणी प्यायच्या, जाताना कढीपत्ता तोडून न्यायच्या. स्टँडवर जायची जवळची वाट आमच्या परसातून होती. दार वाजवायची कुणाला सवयच नव्हती. लोक चालत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तिथून "डॉक्टरीणबाई" म्हणायचे. आई चहा टाकायची. आम्ही पुण्यात मित्रमंडळींना कौतुकाने सांगायचो, आमच्या आईला दिवसात अर्धा तास एकटीला मिळत नाही.

तर नवाबाचा आठवडा.

नवाबाने आल्या दिवसापासून घर आपलं मानलं आणि घरात येणारा प्रत्येक माणूसही आपला मानला. त्याचा आवाज दणकट होता. रस्त्यावरून जाणारा पलीकडच्या कडेला सरकावा असा तो भुंकायचा. पण माणूस फाटक ढकलून आत आला, की नवाब त्याच्या शेजारून चालत त्याला ओसरीपर्यंत पोचवायचा आणि अंगाने अंगाला रेलून उभा राहायचा. रेलायची त्याला फार सवय होती. बेसावध माणूस त्याच्या वजनाने खाली बसायचा. मगदूमांनी पहिल्याच दिवशी फाटकाला कडी बसवून घेतली होती. लोक ती काढून आत यायचे आणि परत लावायचे विसरायचे.

कुत्रं बघायला गाव लोटलं. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे पोरंही आली. कुणाला त्याच्यासोबत फोटो हवा होता, कुणाला त्याची उंची आपल्या म्हशीच्या रेडकाशी ताडून बघायची होती. हौसाक्का घरून भाकरी घेऊन यायला लागली. समोरच राहायची, चाळीस वर्षांचा घरोबा, त्यामुळे नवाबावर आपला अर्धा हक्क आहे असं ती धरून चालली. चहाचं पातेलं दिवसभर गॅसवरून उतरत नव्हतं. आई स्वतःचा कप बशीने झाकून ठेवायची आणि तो तसाच राहायचा. मी तो सिंकमध्ये ओतून कप धुवायची.

मी दादाला फोनवर सांगितलं, की कुत्रा उत्तम आहे, बाहेरच्याला दरारा आणि घरच्यांना माया, आईचं घर परत पहिल्यासारखं भरलंय. दादाला फार बरं वाटलं. बाबा असतानाचे दिवस आलेत म्हण की, तो म्हणाला. मी म्हटलं, हो, तसंच. मगदूमांनाही हेच अपेक्षित होतं. बाईमाणूस एकटं राहतं तिथे माणसाळलेलं जनावर बरं, असं त्यांचं मत होतं. चंपाचा आठवडा हा आता नुसता उपचार आहे, असं आम्ही तिघांनी धरून टाकलं. आईला नवाब कसा वाटतो असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, चांगला आहे बिचारा. ती त्या वेळी कुणासाठी तरी पोहे भिजवत होती.

चंपा उतरली तेव्हा जीप हलली. उंचीने ती नवाबाच्या निम्मी असेल, पण अंगाने भरभक्कम. काळी कुळकुळीत, चौकोनी डोक्याची, डोळ्यांच्या वर दोन तांबूस ठिपके. गोव्याच्या एका हॉटेलवाल्याकडून ती मगदूमांकडे आली होती. असल्या कुत्रीचं नाव चंपा का ठेवलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ती ओसरीवर आली नाही. कुंपणाच्या कडेकडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगत गेली, परसातली वाट हुंगली, परत आली, आणि आई उभी होती त्या जागेच्या आणि फाटकाच्या मधोमध, फाटकाकडे तोंड करून बसली.

मगदूमांनी नियम सांगितले. खायला फक्त आईने घालायचं. कुणी बाहेरचं आत घ्यायचं असेल तर आईने स्वतः जाऊन पट्टा धरायचा. बाकी चंपाला काही शिकवायची गरज नाही. मला तिने आईचं सामान म्हणून मान्य केलं. मी ओसरीवर आले की ती उठायची, आत गेले की बसायची. माझ्याशी वैर नव्हतं आणि ओळखही नव्हती.

पहिल्या दिवशी लोक सवयीने आले. चंपा भुंकत नसे. ती फक्त उठून उभी राहायची आणि बघायची. लोकांचे हात कडीवरच थांबायचे. एक चादरी विकणारा कडी काढून अर्धा आत आला होता. तिच्याकडे बघून तो मला म्हणाला, ताई, नंतर येतो. तो काही नंतर आला नाही. राखणीच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नव्हती, हे मी दादाला प्रामाणिकपणे कळवलं.

पण घर बदललं. दुसऱ्या दिवशी लोकांनी फाटकाशी उभं राहून हाका मारल्या. आई प्रत्येक वेळी उन्हातून फाटकापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी हाका कमी झाल्या. मोटारसायकली पिठाच्या गिरणीसमोर उभ्या राहायला लागल्या. स्टँडवर जाणारे रस्त्याने वळसा घालून, आमच्या घराकडे बघत, काहीतरी पुटपुटत जायला लागले. बाजाराच्या दिवशी बाक रिकामा राहिला. हौसाक्का दोनदा फाटकाशी येऊन परत गेली. तिसऱ्यांदा ती तिथूनच मला म्हणाली, "चाळीस वर्सं मी ह्या दारात येतोय. डॉक्टर असताना मला कुणी आडवलं न्हाई आन् आता कुत्र्याच्या परवानगीनं येऊ व्हय?" तिचे डोळे भरले होते. मला तिची कीव आली आणि आईची त्याहून जास्त.

कारण आईचं काही खरं दिसत नव्हतं. ती सकाळी उशिरा उठायला लागली. पेपर हातात घेतला की पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत पूर्ण वाचून काढायची. अंघोळ अकराला. न्हायल्यावर केस मोकळे सोडून परसात खुर्ची टाकून बसायची, नुसती. मी काही वर्षांपूर्वी तिला एक गाऊन आणून दिला होता. त्याची घडीसुद्धा तिने मोडली नव्हती, कारण दिवसभर माणसं, त्यांच्यासमोर गाऊनमध्ये कसं वावरणार. तो गाऊन आता कपाटातून बाहेर आला आणि आई दिवसभर त्यातच. दुपारी ती ओसरीवर चटई टाकून झोपायची, चक्क घोरायची. चंपा पायरीवर. चहा मीच केला तर व्हायचा. बोलणं कमी झालं होतं. मी काही विचारलं तर आई उत्तर द्यायची, पण आपणहून विषय काढत नव्हती.

मी दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला की ही डिप्रेशनची लक्षणं आहेत, त्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या आईचं असंच सुरू झालं होतं. माणसांत राहिलेली बाई, तिची माणसंच तोडली तर दुसरं काय होणार. त्याने मगदूमांना फोन करून सांगितलं, की रविवारी नवाबाला घेऊन या आणि त्या चंपाला परत न्या.

रविवारी सकाळी दादा पुण्याहून आला. त्यालाही आईने चंपाचा पट्टा धरल्यावरच आत येता आलं, ते त्याला आवडलं नाही. पाठोपाठ मगदूमांची जीप आली. मागे नवाब उभा होता, टपाच्या बाहेर मान काढून. जीप बघून हौसाक्का आली आणि तिच्यामागून आणखी दोन-चार जण. फाटकाबाहेर सगळे शांत उभे होते, काही शुभकार्य असल्यासारखे.

दादाने ओसरीवर आईला सगळं समजावून सांगितलं. त्याला मुद्देसूद बोलता येतं. दोन्ही कुत्री राखणीला योग्य आहेत, पण या घराचा स्वभाव लक्षात घेता नवाब बरा, मृदूचंही, म्हणजे माझंही, तेच मत आहे, तेव्हा नवाब ठेवू, चंपाला जाऊ दे, आणि पुण्याचा विषय आपण बंद करू. आईने मधे एकदाही तोडलं नाही.

"चंपा राहू दे," त्याचं झाल्यावर ती म्हणाली.

दादाला वाटलं, तिचा नावांत घोळ झालाय. "आई, नवाब म्हणजे तो. जीपमधला."

"मला माहीत आहे. चंपा राहू दे."

"अगं, तिच्यामुळे कुणी येईनासं झालंय. मृदू म्हणते तू दिवसभर नुसती पडून असतेस."

"पडून नसते. झोपते." आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "दुपारी झोपणं म्हणजे काय असतं ते मला या आठवड्यात कळलं."

मगदूम जीपला टेकून उभे होते, ते पायरीशी आले. त्यांना गिऱ्हाईक गेल्याची काळजी नव्हती, एक ना एक कुत्रं राहणारच होतं. त्यांना आपलं जुळवलेलं चुकल्यासारखं वाटत होतं. "काकू, तुमच्याकडं राबता हाय म्हणून मी नवाब म्हटलं. ही काय राबता ठिवत न्हाई."

"बघितलं की आठवडाभर," आई म्हणाली. "तेच तर हवंय मला."

दादा खाली बसला. आई उभीच होती. ती मोठ्याने बोलली नाही, फाटकापर्यंत ऐकू जाऊ नये इतपतच. "लग्न होऊन या घरात आले तेव्हा माप ओलांडलं आणि समोर बाकावर पेशंट. त्यातली एक म्हणाली, नव्या नवरी, जरा पाणी आण. मी आणलं. ते अजून आणतेय. तुमचे बाबा गेले त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडत होते, तर बाहेरून कुणीतरी विचारलं, डॉक्टरीणबाई, साखर कुठं ठेवलीय."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं. त्या दिवशी मी त्याच घरात होते.

"साखर कुठे आहे ते सांगितलं."

दादा म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस हे."

"कधी बोलणार? कायम कुणीतरी असायचंच."

चंपा उठून फाटकाकडे दोन पावलं गेली आणि परत बसली. बाहेर कुणीतरी पुढे सरकलं असावं. दादाने कपाळ चोळलं. बाबा असते तर त्यांना हे आवडलं नसतं, असं काहीतरी तो बोलायला लागला.

"ते असते तर दार उघडंच असतं," आई म्हणाली. "ते डॉक्टर होते. माझ्याकडे कोण कशाला येतं? ते गेल्यावर मला वाटलं, आता थांबेल. थांबलं नाही. मी कुणाला येऊ नका म्हणू शकत नाही रे, माझ्या तोंडातून ते निघतच नाही. चंपाला म्हणावं लागत नाही."

"शांतपणाच हवा असेल तर मग पुण्याला चल. तिथे कोण येतंय?"

"तिथलं दार तुझं. कधी उघडायचं, कधी लावायचं ते तुम्ही ठरवणार." मग ती म्हणाली, "पण तुम्हाला नवाबच ठेवायचा असेल तर मी पुण्यालाच येते. आज निघूया हवं तर. मग इथे राहण्यात काय आहे?"

हे ती इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मला कळलंच नाही, तिने काय पणाला लावलंय. ज्या घरासाठी ती दादाशी दिवसभर भांडली होती, ते ती या दुसऱ्या कुत्र्यापायी सोडायला तयार होती. दादाने माझ्याकडे बघितलं. ठरल्याप्रमाणे आमच्या दोघांची संमती लागत होती आणि त्याची मिळणार नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझी मिळाली तर मात्र तो एकटा अडून बसला नसता. तसा तो वाईट नाही.

मगदूमांनी शेवटचं सांगून बघितलं. "काकू, ही एका हाताची जात. तुमच्याशिवाय कुणाला मोजायची न्हाई. उद्या ही पोरं आली, नातवंडं आली, तरी फाटकाशीच थांबवंल. न सांगता सवरता कुणाला आत याला मिळायचं न्हाई. मागनं मला बोल लावू नका."

"चालेल," आई म्हणाली.

ते 'चालेल' मला लागलं. ती एका क्षणात म्हणाली, विचार करावा लागला नाही. ती राबत्याबद्दल बोलत होती तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हौसाक्का होती, मोटारसायकलवाले होते, कढीपत्ता नेणाऱ्या बायका होत्या. त्यांत आपणही धरलेले आहोत, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दादा, वहिनी, त्यांची मुलं, मी, माझा नवरा. दिवाळीला, मेमध्ये, मधे कधी सलग सुट्टी आली की. फोन न करता, कारण आईला आवडतं म्हणून. आल्या आल्या आम्हीही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच उभे राहायचो.

"राहू दे चंपा," मी म्हटलं. आणखी काही ऐकायची माझी तयारी नव्हती, हेही एक कारण होतंच.

दादा उठला, नळावर जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं आणि मगदूमांना म्हणाला, नवाबाला न्या परत. नवाब जीपमधून सगळ्यांकडे मोठ्या आशेने बघत होता. त्याचं मला वाईट वाटलं. पुढे निपाणीजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाने त्याला नेलं आणि तिथे त्याचं फार चांगलं चाललंय, असं मगदूमांकडून कळलं.

आई फाटकापर्यंत गेली. आतूनच तिने हौसाक्काला सांगितलं, "मंगळवारी चारला ये. इथून हाक मार. ब्लडप्रेशरचा पट्टा मी बाहेर घेऊन येते."

"म्हंजे आता येळ ठरवून याचं व्हय?"

"हो."

"डॉक्टरांच्या टायमाला असं न्हवतं," हौसाक्का म्हणाली. आई आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. शेवटी हौसाक्काच पदर सावरून रस्ता ओलांडून गेली. पहिल्या मंगळवारी ती आली नाही. दुसऱ्या मंगळवारी आली.

आई पुढे बरीच वर्षं त्या घरात राहिली. गावाने तिला थोडी नावं ठेवली, मग सोडून दिलं. डॉक्टरीणबाईंना डॉक्टरांच्या पश्चात जरा गर्व आला, असं म्हणत. चंपा म्हातारी होऊन गेल्यावर आईने मगदूमांना फोन करून दुसरी रॉटवायलर मागवली. तेव्हा तिने आम्हाला विचारलं नाही.

मला मात्र सांगायचंय ते चंपा आली त्याच वर्षीच्या हिवाळ्यातलं. लायब्ररीच्या कामासाठी मी कोल्हापूरला आले होते. काम लवकर आटोपलं, म्हणून आजऱ्याची एसटी पकडली. फोन केला नाही. आईला बघावं की काय करते असलं काही मनात नव्हतं. आपलं घर, फोन काय करायचा, इतकंच. दुपारी बाराच्या सुमाराला फाटकाशी पोचले आणि हात कडीवर ठेवला. चंपा पायरीवरून उठली, सावकाश चालत आली आणि समोर उभी राहिली. तिने मला ओळखलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. मी तिला नावाने हाक मारली. ती हलली नाही. मी हात काढून घेतला.

मग मी आईला हाक मारली.

"कोण?" आतून आवाज आला. त्या घरातून कुणी 'कोण' असं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी. मृदुला."

"थांब, येते."

मी थांबले. ऊन डोक्यावर होतं, हातात पिशवी होती, आणि मला खरोखर रडू यायला लागलं होतं. मी त्या घरात जन्मले. माझ्या आईच्या घराबाहेर मी रस्त्यावर उभी होते आणि समोरून जाणारा एक सायकलवाला माझ्याकडे बघत गेला. आईला यायला वेळ लागला. हातातलं काम टाकून ती धावत आली नाही. आली ती केस पुसत, गाऊनमध्ये, चष्मा कपाळावर चढवलेला. ती जाड झाली होती आणि चांगली दिसत होती.

तिने एका हाताने चंपाचा पट्टा धरला आणि दुसऱ्याने कडी काढली. "पाहुणी आहे, चंपा," ती कुत्रीला म्हणाली.

मी फाटकाबाहेरच थबकले. आईने माझ्याकडे नीट बघितलं, माझे डोळे बघितले असणार. पण शब्द तिने मागे घेतला नाही. ती बाजूला झाली, फाटक पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "ये. आत ये."

असं मला त्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. मी डोळे पुसले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आत गेले.